खानदेशाच्या आर्थिक भवितव्याविषयीचा वाद

खानदेशाच्या आर्थिक भवितव्याविषयीचा वाद म्हणजे महाराष्ट्राच्या उत्तर भागातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांची भरभराट कोणत्या मार्गाने होऊ शकेल, याविषयी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली चर्चा होय. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र झालेला नंदुरबार जिल्हा त्यापूर्वी धुळे जिल्ह्यातच असल्याने या चर्चेत त्याचाही समावेश होतो. जगाच्या बाजारासाठी कच्चा माल पिकवणाऱ्या प्रदेशाने तो माल अधिक पिकवून सधन व्हावे, की त्यावर प्रक्रिया करणारे उद्योग स्वतःकडे उभारावेत, की या दोहोंच्या आधी पाण्याची तरतूद करावी, हे वादाचे तीन मुख्य धागे आहेत. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांविषयी जगभर जे प्रश्न विचारले जातात, तेच खानदेशात कापूस, केळी आणि तापीचे पाणी यांच्या निमित्ताने विचारले गेले आहेत.

व्यापक संदर्भ

‘उदयोन्मुख बाजारपेठ’ ही संज्ञा १९८१ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्त निगमातील अर्थतज्ज्ञ आंत्वान व्हान आख्तमाल यांनी रूढ केली. गरीब देशांतील भांडवल बाजारांकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वेधणे, हा तिचा हेतू होता. प्रश्न मात्र संज्ञेपेक्षा जुना आहे. कच्च्या मालाच्या किमती पक्क्या मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात आणि म्हणून केवळ कच्चा माल निर्यात करणारे देश मागे पडतात, असे प्रतिपादन राऊल प्रेबिश व हान्स सिंगर यांनी १९५० च्या सुमारास स्वतंत्रपणे केले. त्याउलट, शेतमालाचा व्यापार मोकळा ठेवल्यास उत्पादकाला न्याय्य भाव मिळतो आणि गरिबीचे मूळ सरकारी निर्बंधांत असते, असे मानणारा पक्षही तितकाच प्रबळ आहे. महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ही दुसरी भूमिका मांडली. निर्यातबंदी व आयातीच्या साहाय्याने शेतमालाचे भाव पाडले जातात आणि त्यामुळे शेतकऱ्याला प्रत्यक्षात ‘उणे सबसिडी’ मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. खानदेशातील कापूस उत्पादकांमध्ये या विचाराला आजही अनुयायी आहेत.

कापसाची तेजी आणि मंदी

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले. त्या काळी दुष्काळ, लुटालूट आणि ओसाड पडलेली गावे यांमुळे हा प्रदेश विरळ वस्तीचा होता. त्याचे रूप पालटले ते कापसाने, आणि त्याला कारण घडले ते सातासमुद्रांपलीकडील एक युद्ध.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तोपर्यंत इंग्लंडमधील गिरण्या बहुतांश अमेरिकी कापसावर चालत. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी होताच लँकेशायरची नजर हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईतील कापसाचे भाव काही पटींनी चढले. खानदेशाच्या काळ्या जमिनीत ज्वारी-बाजरीच्या जागी कापूस पसरला. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वे जळगाव व भुसावळपर्यंत येऊन पोहोचली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे कलकत्त्यापर्यंत गाडी जाऊ लागल्यावर भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. कापसात होणारी भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आखूड धाग्याच्या स्थानिक कापसाऐवजी शेतकऱ्यांनी हिंगणघाट जातीचे बी लावावे, म्हणून अधिकाऱ्यांनी प्रयत्न केले.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत शेअर बाजाराचा फुगा फुटला, बँका बुडाल्या. हा भाग इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा सविस्तर येतो. खेड्यांत काय झाले ते मात्र त्यामानाने कमी सांगितले जाते. तेजीच्या भरवशावर सावकाराकडून घेतलेले कर्ज चढ्या भावाने फेडायचे होते, आणि ते आता उतरलेल्या भावाने फेडावे लागले. कापूस मात्र शेतातून गेला नाही. रोख पैशात सारा भरावयाचा असल्यामुळे रोख पैसा देणारे पीक सोडणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. भाव परदेशात ठरतो, कर्ज गावात फिटते आणि मधल्या चढ-उताराचा धोका पिकवणाऱ्याच्या माथी येतो, ही रचना या पाच वर्षांत तयार झाली. पुढील बहुतेक वादांच्या मुळाशी तीच आहे.

रानडे यांची मांडणी

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची १८७९ मध्ये धुळे येथे बदली झाली होती. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार साशंक झाले होते आणि या बदलीमागे तेच कारण असल्याचे मानले जाते. धुळ्यातील वास्तव्याचा त्यांच्या अर्थविचारांवर नेमका किती परिणाम झाला हे सांगणे कठीण असले, तरी त्यांनी पुढे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ‘हिंदी अर्थशास्त्र’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानातील चित्र खानदेशाला नेमके लागू पडते. कच्चा माल पिकवून बाहेर पाठवायचा आणि त्याचाच पक्का माल विकत घ्यायचा, ही स्थिती नैसर्गिक नसून ती बदलता येते व बदलण्यासाठी राज्यसंस्थेने पुढाकार घ्यावा, असे त्यांनी मांडले. खुल्या व्यापाराचे इंग्लंडमधील सिद्धान्त सर्व देशांना सर्व काळी लागू पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रिडरिश लिस्ट यांच्या विचारांशी जुळणारा होता.

गिरण्या आणि अमळनेरचा अनुभव

प्रक्रिया उद्योगाचा पक्ष खानदेशात केवळ व्याख्यानापुरता राहिला नाही. जळगाव येथे १८७० च्या दशकातच कापडगिरणी उभी राहिली. १९०० मध्ये चाळीसगाव–धुळे लोहमार्ग सुरू झाला आणि तापी खोऱ्यातील लोहमार्गाने सुरतेशीही संबंध जुळला. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे खानदेशाचे दोन जिल्हे झाले. त्यानंतर अमळनेर येथील प्रताप मिल व धुळे येथील न्यू प्रताप मिल यांनी हजारो हातांना काम दिले. या गिरण्यांचे संस्थापक श्रीमंत प्रतापशेठ यांनी अमळनेरात १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिरही स्थापन केले. गिरणीच्या नफ्यातून तत्त्वज्ञानाचे संशोधन चालवण्याचे असे उदाहरण विरळाच. पुढे साने गुरुजींनी येथील गिरणी कामगारांमध्ये कार्य केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरातील जुन्या कापडगिरण्यांप्रमाणे याही गिरण्यांना उतरती कळा लागली.

अमळनेरचा दुसरा अनुभव अधिक बोलका आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी येथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली. परिसरातील भुईमुगाच्या तेलापासून वनस्पती तूप बनवणे हा तिचा व्यवसाय होता. कंपनीचे भाग सुरुवातीच्या काळात गावातील अनेकांनी घेतले. १९६६ मध्ये अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतल्यावर, आणि विशेषतः १९८० नंतर संगणक क्षेत्रात शिरल्यावर, हीच कंपनी विप्रो या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. ज्यांनी भाग विकले नाहीत ती अमळनेरची कुटुंबे श्रीमंत झाली. मात्र कंपनीचे मुख्यालय, अभियंते आणि नव्या नोकऱ्या बंगळूरला गेल्या. स्थानिक भांडवलाला संधी मिळाल्यास ते किती मोठे होऊ शकते, याचा दाखला म्हणून काही जण हे उदाहरण देतात. उद्योग वाढला तरी तो जन्मगावी राहतोच असे नाही, हे सांगण्यासाठीही तेच उदाहरण दिले जाते. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत.

फैजपूर अधिवेशन

डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन होय. येथे संमत झालेल्या कृषी कार्यक्रमात सारा व खंड कमी करणे, ग्रामीण कर्जाच्या वसुलीला स्थगिती, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता आणि सहकारी शेतीचा पुरस्कार यांचा समावेश होता. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पडलेले असताना हा कार्यक्रम तयार झाला. त्यामुळे त्यात उत्पादनवाढीपेक्षा कर्ज व जमीन यांवर भर आहे. स्वातंत्र्यानंतरचे कूळकायदे व सहकारी पतपुरवठा यांची दिशा या कार्यक्रमात दिसते.

पाण्याचा प्रश्न

खानदेशातील कोणत्याही आर्थिक चर्चेत पाण्याचा विषय अटळ असतो. पांझरा व परिसरातील नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून चालत आलेली फड पद्धत त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. नदीवर दगडी बंधारा बांधून पाटाने पाणी शेतात आणले जाई. लाभक्षेत्राचे काही मोठे तुकडे, म्हणजे फड, केले जात. एका फडात एका हंगामात एकच पीक असे आणि पिके फडांमध्ये आळीपाळीने फिरत. पाटकरी, जागल्या, हवालदार यांची नेमणूक व मेहनताना गावकरीच ठरवत. शेतकऱ्यांची जमीन सर्वसाधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा सोडला, तर नुकसान एकट्यादुकट्याचे न होता सर्वांचे सारखे होई. पाण्याची तूट वाटून घेण्याची अशी व्यवस्था नंतरच्या कालव्यांना साधली नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सेवेचा आरंभीचा काळ धुळे भागातच गेला. पांझरेच्या पाटबंधाऱ्यांसाठी त्यांनी दातर्ती येथे नळाचा वक्रनलिका मार्ग बांधला.

स्वातंत्र्योत्तर काळात गिरणा धरण, भुसावळजवळील हतनूर धरण आणि पुढे सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज झाले. तरीही तापीतील महाराष्ट्राच्या वाट्याचे बरेच पाणी अडवले न गेल्याने गुजरातमधील उकाई धरणाकडे वाहून जाते, ही खानदेशाची जुनी तक्रार आहे. तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झाले. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळे येथे सुलवाडे–जामफळ–कनोली उपसा सिंचन योजनेचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले.

मोठ्या प्रकल्पांची वाट न पाहता स्थानिक पातळीवर पाणी अडवावे, असे मानणाऱ्यांनी शिरपूर तालुक्यात वेगळा प्रयोग केला. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून साखळी बंधारे बांधण्यात आले आणि विहिरींची पातळी वाढली. हा ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. त्यावर भूजलतज्ज्ञांनी आक्षेप घेतला. तापीच्या गाळाच्या प्रदेशात जे साधते ते कठीण बेसाल्ट खडकात साधेलच असे नाही, आणि नाला अतिखोल केल्यास उथळ जलधर उघडा पडून शेजारच्या विहिरी आटू शकतात, असे त्यांचे म्हणणे आहे. याच जिल्ह्यातील साक्री तालुक्यात बारीपाडा या आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली जंगल राखून पाणी टिकवले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

केळी आणि ठिबक

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत केळी हे मुख्य नगदी पीक आहे. पूर्वी येथे बसराई जातीचे कंद लावले जात व पीक हाती येण्यास दीड वर्षापर्यंत काळ लागे. ऊतीसंवर्धित ग्रँड नैन रोपे, ठिबक सिंचन आणि पाण्यातून खते देण्याची पद्धत आल्यावर हा काळ सुमारे एका वर्षावर आला. या बदलात जळगावच्या जैन इरिगेशन या कंपनीचा वाटा मोठा आहे. कंपनीचे संस्थापक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या किरकोळ व्यापारापासून सुरुवात केली. पपईच्या चिकापासून पपेन, त्यानंतर पीव्हीसी नळ व पुढे ठिबक अशी त्यांची वाटचाल झाली. जळगावच्या डाळ गिरण्या, प्लास्टिक चटया आणि सराफ बाजार यांप्रमाणे नळनिर्मिती हीही शहराची ओळख बनली.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडी येथील केळीची खेप दुबईला रवाना झाली. भारत हा जगातील सर्वांत मोठा केळी उत्पादक देश असला, तरी जागतिक निर्यातीतील त्याचा वाटा अल्प आहे. इक्वेडोरसारखा छोटा देश त्याच्या कितीतरी पुढे आहे. पॅकहाउस, शीतसाखळी आणि घडांची निगा यांत गुंतवणूक केल्यास हे अंतर कापता येईल, असे निर्यातीचे समर्थक सांगतात. सर्वसाधारण उत्पादक मात्र अजूनही रावेर, सावदा व बऱ्हाणपूर येथे जाहीर होणाऱ्या रोजच्या भावांवर अवलंबून असतो. मे महिन्यातील ४५ अंशांचा पारा किंवा वादळी वारा एका दुपारी उभी बाग आडवी करतो, ही जोखीम निर्यातीने कमी होत नाही.

ठिबकने पाणी वाचते, याविषयी दुमत नाही. वाचलेल्या पाण्याचे काय होते, यावर मात्र आहे. वाचलेल्या पाण्यावर आणखी क्षेत्र केळीखाली आल्यास एकूण उपसा कमी होत नाही, याकडे जलतज्ज्ञ लक्ष वेधतात. यावल–रावेर पट्ट्यात भूजल खोल गेले आहे, हे सर्वमान्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा सच्छिद्र थर वापरून भूजल पुनर्भरण करण्याच्या ‘तापी महापुनर्भरण’ योजनेबाबत महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला.

याच कंपनीच्या निमित्ताने वादाला आणखी एक पैलू मिळाला. परदेशात विस्तार करताना तिने डॉलरमधील रोखे विकून कर्ज उभारले होते. ठिबकवरील अनुदानाची रक्कम सरकारकडून मिळण्यास विलंब होत असल्याने खेळते भांडवल अडकले आणि २०१९ मध्ये कंपनी कर्जफेडीच्या अडचणीत आली. कर्जाची पुनर्रचना झाली व परदेशातील सिंचन व्यवसाय २०२३ मध्ये रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. रुपयात येणे आणि डॉलरमध्ये देणे, हे संकट १९९७ मध्ये आग्नेय आशियातील देशांनी अनुभवले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी वाढलेल्या उद्योगाच्या वाट्यालाही ते येऊ शकते, हे यातून दिसले.

कापसाचा आजचा वाद

१९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू होती. राज्याबाहेर कापूस विकण्यास मनाई असली, तरी मध्य प्रदेश व गुजरात यांच्या सीमेवर वसलेल्या खानदेशात ती पाळली जाणे अवघड होते. पलीकडे भाव चढा असला की कापूस रातोरात सीमा ओलांडे, आणि इकडील हमीभाव चढा असला की उलट दिशेने येई. चालू शतकाच्या आरंभी योजनेचा एकाधिकार संपला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली व काही वर्षांतच जवळजवळ सर्व क्षेत्र त्याखाली आले. सुरुवातीला उत्पादन वाढले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर नुकसान केले. मे महिन्यात ठिबकवर पूर्वहंगामी लागवड करणे आणि हंगामानंतर फरदड ठेवणे यांमुळे अळीचा जीवनक्रम अखंड राहतो, असे कृषी विभाग सांगतो. पूर्वहंगामी कापूसच पहिल्या वेचणीला चांगला पैसा देतो, हा शेतकऱ्यांचा अनुभवही खोटा नाही.

२०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला १०,००० रुपयांपलीकडे गेले. त्या वर्षी मध्यम धाग्याचा हमीभाव ५,७२६ रुपये होता. पुढच्या वर्षी त्याच भावाच्या आशेने अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव उतरत गेले. १८६५ च्या मंदीशी या घटनेचे साम्य आहे, फरक इतकाच की आता भाव मोबाइलवर दिसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. वस्त्रोद्योगाला दिलासा म्हणून केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत माफ केले. खानदेशातील कापूस वेचणीचा मुख्य काळ नेमका याच महिन्यांत येतो. स्वस्त रुई मिळाली तरच गिरण्या व त्यांतील रोजगार टिकेल, असे वस्त्रोद्योगाचे म्हणणे होते. आयात रुईमुळे बाजारभाव हमीभावाखाली जातो, अशी शेतकरी संघटनांची तक्रार होती. खानदेशात सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंग कारखाने पुष्कळ आहेत. गाठींचे सूत व सुताचे कापड करण्याची क्षमता त्यामानाने थोडी आहे. त्यामुळे या भांडणात प्रदेशाचे हित बव्हंशी कच्च्या मालाच्या बाजूला राहते.

अनुशेष आणि प्रादेशिक दर्जा

१९८३ मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्यातील विकासाचा अनुशेष मोजला. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. खानदेशाचा समावेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त झाला. पुणे, मुंबई, कोल्हापूर यांच्याबरोबर सरासरी काढल्यावर धुळे–नंदुरबारची स्थिती आकड्यांत दिसेनाशी होते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीनेही प्रादेशिक समतोलाचा विचार केला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. दरम्यान कामासाठी सुरतेला जाणाऱ्यांची संख्या एवढी वाढली, की त्या शहरातील उधना, लिंबायत या भागांत अहिराणी सर्रास कानावर पडते.

दळणवळण आणि नव्या योजना

मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. या मोक्याच्या जागेचा उपयोग करून घेण्यासाठी दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात धुळे–नरडाणा हा गुंतवणूक प्रदेश सुचवण्यात आला होता. महाराष्ट्रात प्रत्यक्ष काम आधी पुढे सरकले ते छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा–बिडकीन येथे. धुळेकरांची जुनी मागणी असलेल्या मनमाड–इंदूर लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. ३०९ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये असून त्यावर ३० नवी स्थानके प्रस्तावित आहेत. १८६० च्या दशकातील रेल्वेने कापूस बाहेर नेला. नवा मार्ग कारखाने आत आणील की कांदा, कापूस व मजूर अधिक वेगाने बाहेर नेईल, यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही. तो २०२८-२९ पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे.